मुंबईतला मुखवटाधारी नायक लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉमिक, एकांकिका, श्राव्यमालिका किंवा वेबमालिकेसाठी मुंबईत राहणारा मुखवटाधारी नायक लिहिणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मारामारीबद्दल फार कमी जण अडतात. बहुतेकांची गाडी अडते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, नायक घरी परतल्यावर. म्हणून उत्तरांचा बराचसा भाग तिथलाच आहे.

सुरुवात कुठून करायची? आधी शक्ती ठरवायची की शत्रू?

दोन्ही नंतर. आधी वही घ्या आणि नायकाच्या चोवीस तासांचा हिशेब मांडा.

समजा, तो डोंबिवलीत राहतो आणि लोअर परळला नोकरी करतो. ऑफिस साडेनऊ ते साडेसहा, म्हणजे ९ तास. घर ते स्टेशन, फास्ट लोकल, दादरचा पूल, पुन्हा गाडी आणि चाल: एका बाजूला दीड तास, दोन्ही मिळून ३. झोप ६. आंघोळ, जेवण, पाणी भरणं, भाजी-किराणा: २. मुलाचा अभ्यास, आईची औषधं, बायकोशी चार शब्द: दीड. बेरीज साडेएकवीस. उरले अडीच तास, आणि त्यात पोशाख चढवणं, ठिकाणावर पोचणं, काम उरकणं, परतणं आणि अंग धुणं बसवायचं आहे. ते बसत नाही. मग तो कुणाचे तरी तास काढून घेतो. कुणाचे, हे ठरवलंत की कथा सुरू झाली.

बहुतेक लेखक झोपेचे तास कापतात. मग त्याची किंमतही दाखवा. सलग १७ तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी मंदावते, हे प्रयोगांत दिसलं आहे. सकाळी सहाला उठलेला नायक रात्री अकरालाच त्या टप्प्यावर असतो, म्हणजे मुखवटा बांधायच्या आधीच. पहिल्या भागात तो चपळ आणि सहाव्या भागातही तितकाच चपळ, असं होऊ देऊ नका. सहाव्या भागात त्याचा ठोसा अर्धा इंच चुकला पाहिजे.

घर कुठे द्यावं? चाळ, वस्ती की टॉवर?

तिन्ही चालतात, पण तिन्हींत गुपित वेगळ्या ठिकाणी फुटतं.

ब्रिटिश काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बीडीडी चाळीत एका इमारतीत ८० खोल्या, तळमजला अधिक तीन मजले, एका मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची आणि शौचालय मजल्यावर सामाईक. १६० चौरस फुटांत पाच माणसं झोपतात तेव्हा रात्री उठणाऱ्याला कुणाच्या तरी पायावरून जावं लागतं. दाराची कडी वाजते. गॅलरीत उकाड्यामुळे कुणी ना कुणी चटई टाकून झोपलेलं असतंच. इथे नायकावर नजरा नाहीत अशी वेळच नसते, आणि हीच चाळीची नाट्यमय ताकद आहे. चाळीत गुपित टिकतं ते लोकांनी न पाहिल्यामुळे नाही, तर पाहून गप्प राहिल्यामुळे. ही गोष्ट जपून वापरा.

वस्तीत भिंत सामाईक असते. खोकला, भांडण, पट्टी फाडल्याचा आवाजसुद्धा पलीकडे जातो.

पुनर्विकासातल्या टॉवरमध्ये शेजाऱ्याला नाव माहीत नसतं, पण लिफ्टमध्ये कॅमेरा असतो, गेटवर नोंदवही असते, वॉचमनला रात्री अडीचला आत आलेला माणूस आठवतो. तिथे माणसांची जागा नोंदी घेतात. चाळीतून टॉवरमध्ये गेलेलं कुटुंब घेतलंत तर दोन्ही अडचणी एकाच कथेत मिळतील.

पोशाख घरात ठेवायचा कुठे, आणि धुवायचा कसा?

या प्रश्नाला लेखक हमखास बगल देतात, आणि वाचकाच्या मात्र तो हटकून मनात येतो.

मुंबईच्या दमट हवेत लायक्राचा अंगाबरोबरचा पोशाख एका रात्रीत घामाने ओला होतो. घडी करून पिशवीत कोंबला तर दुसऱ्या दिवशी वास येतो, आणि पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत बुरशीचे ठिपके पडतात. कातडी पट्टे असतील तर त्यांवर पांढरी बुरशी येतेच. म्हणजे दर वेळी धुणं आलं, आणि धुणं आलं की वाळत घालणं आलं. चाळीत वाळत घालायचं म्हणजे अख्ख्या मजल्यासमोर मांडायचं.

व्यवहारी उपाय असे: पोशाखाचे असे तुकडे करा जे एकेकटे साधे दिसतील. काळी ट्रॅक पँट, पूर्ण बाह्यांचा काळा टीशर्ट, क्रिकेटचे पॅड, सायकलवाल्यांचे हातमोजे. दोरीवर या कशालाच कुणी हरकत घेणार नाही. उरतो फक्त मुखवटा. तो असा लिहून पाहा:

मोरीत नळ बारीक सोडून त्याने मुखवटा धुतला, पिळला, आणि गॅलरीतल्या दोरीवर वडिलांच्या बनियनखाली टाकून वर टॉवेल पांघरला. सकाळी आई कपडे काढत होती.
"हे काय रे?"
"गुडघ्याचं पॅड आहे गं. ऑफिसच्या क्रिकेटचं."
आईने ते उलटसुलट करून पाहिलं. दोन भोकांतून दोन बोटं घातली, बाहेर काढली.
"अजून दमट आहे," ती म्हणाली. मग घडी घालून त्याच्या कप्प्यात, मोज्यांच्या खाली, अगदी तळाशी ठेवलं.

इथे संवाद वाढवू नका. तिला कळलं का, हे वाचकाने मोज्यांच्या खालच्या जागेवरून ठरवावं.

रात्री बाहेर राहायला पटेल असं कारण कोणतं?

"ओव्हरटाइम" दोनदा चालतं. तिसऱ्यांदा घरातलं माणूस पगारपत्रक पाहतं, आणि त्यात ओव्हरटाइमची रक्कम नसते. म्हणून निमित्ताऐवजी नायकाला मुळातच रात्रीचं किंवा पहाटेचं काम द्या. मुंबईत अशी कामं भरपूर आहेत: पहाटे चारच्या सुमारास स्टेशनबाहेर पेपरच्या पुरवण्या घालत बसणारा पेपरलाइनवाला, दादरच्या फुलबाजारात माल उतरवणारा, ससून डॉकवर मासळीच्या लिलावाला जाणारा, दुधाच्या पिशव्या पोचवणारा, हॉस्पिटलातला वॉर्डबॉय, कॉल सेंटरच्या गाडीचा ड्रायव्हर.

पेपरलाइनवाला आम्हाला विशेष आवडतो. त्याला प्रत्येक इमारतीचा जिना माहीत असतो, कुणाचं दार कधी उघडतं हे माहीत असतं, आणि पहाटे तो कुणालाच खटकत नाही. शिवाय एक घट्ट मुदत मिळते: काहीही झालं तरी साडेसहाच्या आत पेपर दारात पडलाच पाहिजे. न पडल्यास फोन घरी जातो.

शहरात रात्री तो फिरतो कसा?

नकाशा न पाहता लिहिलेलं प्रकरण इथेच पकडलं जातं. काही गोष्टी पक्क्या ठेवा.

लोकल रात्री साधारण एक ते चार बंद असते. मध्य रेल्वेची शेवटची गाडी सीएसएमटीहून साडेबाराच्या सुमारास निघते, पश्चिमेची चर्चगेटहून एकच्या आसपास. वेळापत्रक बदलतं, तेव्हा ज्या वर्षाची कथा आहे त्या वर्षाचं पाहून मिनिटं टाका. डोंबिवलीच्या नायकाची शेवटची गाडी चुकली की पहाटेपर्यंत तो मुंबईतच अडकला. यातून पूर्ण भाग होतो.

रिक्षा शहर भागात येत नाही. पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि मध्य बाजूला सायनपर्यंतच. रिक्षातून पाठलाग करणाऱ्या नायकाला माहीमच्या खाडीअलीकडे उतरून टॅक्सी शोधावी लागेल.

मोटारसायकल दिलीत तर वांद्रे-वरळी सागरी सेतू, कोस्टल रोड आणि अटल सेतू तिन्ही बंद, कारण तिथे दुचाकीला मनाई आहे. ज्याच्या मागे आपण आहोत तो गाडीतून सेतूवर चढला, की आपला नायक माहीम, दादर, वरळी असा सिग्नल मोजत जाणार. ही अडचण म्हणून खुपते, पण कथेला ती वरदान आहे, कारण ती खरी आहे आणि मुंबईकराला लगेच पटते.

आणि मुखवटा घालून कोणत्याही वाहनात बसवू नका. शेवटच्या शंभर पावलांवर चढवायचा आणि पहिल्या आडोशाला उतरवायचा.

छपरांवरून धावणं मुंबईत शक्य आहे का?

फार थोड्या ठिकाणी. वस्तीतले पत्रे माणसाच्या वजनाने ढोलासारखे वाजतात, वीस घरं जागी होतात. सिमेंटचे जुने पत्रे मधोमध पाय पडला तर फुटतात. पाय टाकायचाच तर खालच्या आधाराच्या ओळीवर, म्हणजे खिळ्यांची रांग दिसते तिथे. मंगळुरी कौलं पायाखाली सरकतात. जून ते सप्टेंबर सगळीकडे ताडपत्री अंथरलेली असते, आणि ओली ताडपत्री व शेवाळलेली गच्ची दोन्ही काचेसारख्या निसरड्या.

उडीचा हिशेबही लक्षात ठेवा. एक मजला साधारण ३ मीटर. तिथून पडणारा माणूस जमिनीला ताशी २८ किलोमीटरच्या आसपास वेगाने धडकतो, दोन मजल्यांवरून ३९. तिसऱ्या मजल्यावरून उडी मारून नायक लगेच पळायला लागला की गुडघे आणि टाचा माहीत असलेला वाचक पुस्तक मिटतो. उतरण्यासाठी पाण्याचे पाइप, सज्जे, खिडक्यांच्या जाळ्या, परांची वापरा. मुंबईत जुनी इमारत परांचीशिवाय क्वचितच दिसते. बांबूच्या बांधणीतला सुंभ पावसात फुगतो आणि उन्हात सैल होतो, एवढं ध्यानात ठेवलं की तिथल्या प्रसंगात ताण आपोआप येतो.

त्याला हे सगळं येतं कुठून? जपानी गुरू आणायचा का?

काही गरज नाही. दादरला शिवाजी पार्कात मल्लखांब आहे. श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून तिथे आहे. मल्लखांबाची परंपरा दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांपर्यंत जाते. नायकाला लहानपणापासून तिथे घाला आणि त्याची ताकद, पकड, उंचीची भीती गेलेली असणं, सगळं एका वाक्यात समजतं.

तपशील बरोबर असू द्या. पुरलेला मल्लखांब जमिनीवर सुमारे साडेआठ फूट असतो, सागवान किंवा शिसवाचा, आणि त्याला एरंडेल चोळतात. अढी, बगली, दसरंग, सुईदोरा ही पकडींची आणि कसरतींची नावं मुलं पहिल्या वर्षातच शिकतात. दोरीचा मल्लखांब अनवाणी असतो, कारण दोरी पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात धरायची असते. म्हणून बूट घातलेला नायक दोरीवरची पकड दाखवत असेल तर ते चूक आहे. बूट काढायला लावा. अनवाणी पाय, मग काच, मग टाका, मग घरी लंगडणं अशी साखळी त्यातून आपसूक तयार होते.

दहीहंडीच्या पथकातला गोविंदाही चांगला पर्याय. फक्त पथकात शंभर माणसं त्याला खांद्यांवरून ओळखतात, हे विसरू नका.

मार लागल्यावर काय काय आणि किती दिवस दिसतं?

नीळ पहिल्या दिवशी लालसर, मग जांभळी-काळी, पाच-सात दिवसांनी हिरवट, मग पिवळी, आणि साधारण दोन आठवड्यांत जाते. तुमच्या कथेत मंगळवारी मार बसला आणि रविवारी साखरपुडा असेल, तर फोटोत गालावर हिरवट डाग असणार. टाके चेहऱ्याचे पाचेक दिवसांत काढतात, हातापायाचे दहा ते चौदा दिवसांनी. बरगडी मोडली तर सहा आठवडे खोल श्वास, हसणं आणि लोकलच्या गर्दीतला कोपर, तिन्ही छळतात.

सगळ्यांत दुर्लक्षित दुखापत म्हणजे मुठीवरची. समोरच्याच्या दातावर मूठ आपटून सांध्यावर अर्ध्या सेंटिमीटरची चीर पडते. ती किरकोळ वाटते, नायक हळद लावून झोपतो. मूठ उघडल्यावर चीर आणि आतली कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) जागा बदलतात, आणि तोंडातले जंतू आत कोंडले जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोट सुजून वळेनासं होतं. वेळेत प्रतिजैविकं आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियेने धुणं झालं नाही तर सांधा कायमचा जातो. टायपिंग, शिवणकाम, तबला, जे काही त्याच्या हाताचं काम असेल ते यात अडकवा.

मग तो हॉस्पिटलात का जात नाही?

मारहाणीची जखम घेऊन केईएम, सायन किंवा नायरला गेलं की नोंद एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांशी संबंधित प्रकरण) म्हणून होते आणि पोलिसांना कळवलं जातं. हॉस्पिटलात पोलीस चौकी असतेच. "बाथरूममध्ये पडलो" हे अपघात विभागातल्या डॉक्टरला मुठीकडे बघूनच पटत नाही. त्यामुळे ओळखीची नर्स, गल्लीतला डॉक्टर किंवा औषधाच्या दुकानातला पोऱ्या असं एक पात्र लागतं. ते पात्र फुकटात वापरू नका. नोंद न करता उपचार करणारा माणूस स्वतःची नोकरी पणाला लावतो.

उलट, रस्त्यावरच्या अपघातात जखमीला हॉस्पिटलात पोचवणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही, असं संरक्षण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने आलं. मुखवट्याशिवाय, उघड्या चेहऱ्याने चांगलं काम करून निनावी राहण्याचा हा एक खरा मार्ग आहे. नायकाला एकदा तरी त्याचा अनुभव द्या.

कायद्याच्या नजरेत तो कोण?

इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आमच्या मते मुखवटाधारी नायकाची सगळ्यात सकस कथा कायद्याच्या पोटातच आहे.

पहिली गोष्ट मुखवटा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात गुन्ह्याच्या इराद्याने चेहरा झाकून किंवा वेष पालटून सापडणं हाच गुन्हा आहे. इरादा सिद्ध करणं पोलिसांचं काम, पण पिशवीत दोरी व पहार असताना तो नव्हता हे पटवणं नायकाला कठीण. त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली मुंबईत काठ्या-शस्त्रं बाळगण्यावर मनाईचे आदेश निघत असतात.

दुसरी गोष्ट पकडणं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० सामान्य नागरिकालाही अटकेचा अधिकार देतं. पण गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असला पाहिजे, तो त्याच्या समोर घडला पाहिजे (फरार म्हणून जाहीर झालेला आरोपी असेल तर वेगळं), आणि पकडलेल्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायला हवं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही सहा तासांची मुदत नव्हती. नवा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे, म्हणून कथेचं वर्ष पाहा. गोदामात बांधून दोन दिवस चौकशी केली, तर नायकावरच डांबून ठेवल्याचा गुन्हा लागतो.

तिसरी गोष्ट मारणं. स्वसंरक्षणाचा अधिकार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि त्यात दुसऱ्याचं शरीर वाचवणंही येतं. पण गरजेपेक्षा जास्त इजा नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा अधिकार नाही. पडलेल्या माणसाला मारलेली चौथी लाथ यात बसत नाही.

आता खरी मेख. गुंडाला खांबाला बांधून नायक निघून गेला, सकाळी पोलिसांनी त्याला सोडवलं. पुढे काय? फिर्यादी कोण? कुणी पाहिलं? मुद्देमाल कुणाच्या समोर जप्त झाला? साक्षीदार नसेल तर खटला उभा राहत नाही, आणि तो गुंड त्याच गल्लीत परत येतो, चिडून. मुखवट्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहता येत नाही. तिथे नाव, वय, धंदा, राहणार कुठे, हे सांगून शपथ घ्यावी लागते.

म्हणून कर्तव्य आणि घर यांच्यातला खरा पेच गच्चीवर नसून किल्ला कोर्टाच्या पायरीवर आहे. तो साक्षीदार म्हणून उघड झाला तर न्याय होईल, पण घर धोक्यात येईल. समन्स घेऊन हवालदार चाळीत येईल, आणि वीस दारं उघडतील. तारखा कामाच्या दिवशी पडतील, पुढे ढकलल्या जातील, रजा संपतील. साक्षीदाराची ओळख जपण्यासाठी २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. तिचा अर्ज करण्याचं धाडस नायक करतो का, हा प्रसंग दहा मारामाऱ्यांपेक्षा भारी पडेल.

सगळे गुन्हे ठोशाने सुटत नाहीत. ऑनलाइन फसवणुकीचं काय?

शेजारच्या काकांचे पैसे ओटीपी सांगितल्यामुळे गेले असतील तर मुखवटा निरुपयोगी आहे. तिथे १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करणं हेच काम. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा, त्यामुळे इथे मिनिटांना किंमत आहे. रात्रभर गुंडांमागे धावून आलेल्या नायकाला काकांनी विचारलेलं असतं, "बाळा, हा मेसेज खरा आहे का रे?" आणि तो झोपेत "बघतो नंतर" म्हणालेला असतो. असा अपराध त्याला आयुष्यभर पुरतो.

मोबाइल बरोबर न्यावा का?

नेला तर टॉवरची नोंद राहते. घरी ठेवला तर बायकोने केलेला फोन उशाखालीच वाजतो. बंद ठेवला तर "कुठे होतास?" सुरू. यूपीआयने चहाचे पैसे दिले तरी वेळ आणि ठिकाण छापलं जातं, म्हणून त्याच्या खिशात सुटे पैसे असू द्या.

गणपतीत काय करायचं? सगळेच सणाचा भाग मागतात.

गणपतीचा भाग लिहाच, पण विसर्जनाच्या गर्दीतली झटापट एवढ्यावर थांबू नका. गुलालाने माखलेल्या दिवशी मुखवटा असला काय नसला काय, कुणी ओळखत नाही. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नायक उघड्या चेहऱ्याने फिरू शकतो, ही त्याची वर्षातली एकमेव सुट्टी.

त्याहून मोठा पेच कोकणातल्या घराचा. नायक सिंधुदुर्गातला असेल तर गौरी-गणपतीला गावी जाणं ऐच्छिक नसतं. वडील गेल्यानंतर पूजा त्यालाच करायची असते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. म्हणजे पाच-सात दिवस शहर सोडायचं की नाही, हे त्याला जून-जुलैमध्येच ठरवावं लागतं, जेव्हा सप्टेंबरात कोण संकटात असेल हे माहीतच नसतं. आईने सकाळी आठला "काढलंस का रे तिकीट?" विचारलं की त्याच्या दोन्ही आयुष्यांचा ताण एका वाक्यात आला.

मुखवट्याची आपली अशी परंपरा आहे का, की सगळं परदेशी?

भरपूर आहे. पालघरकडच्या जव्हार-मोखाड्यातल्या बोहाड्यात देवांची सोंगं मुखवटे घालून रात्रभर नाचतात. मुखवटा चढला की माणूस गावकरी राहत नाही, देव होतो, आणि उतरला की पुन्हा शेतावर. दशावतारी कलावंतांबद्दल तर म्हणच आहे: "रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा." रात्रभर राजाची भूमिका करून सकाळी तोच माणूस आपलं सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला चालू लागतो. दुहेरी आयुष्याचं इतकं नेमकं वर्णन दुसरं मिळणार नाही. आजोबा दशावतारात होते, एवढं ठेवलं तरी नायकाच्या मुखवट्याला मूळ मिळतं.

चेहरा झाकला की ओळखीची माणसं खरंच फसतात?

अनोळखी फसतात. ओळखीची नाहीत. चाल, खांद्याचा उतार, खोकला, चपलेचा आवाज यावरून घरचं माणूस अंधारातही ओळखतं. म्हणून नियम ठेवा: रोज भेटणारी व्यक्ती मुखवट्यासमोर दहा पावलांच्या आत आली, तर तिला कळलंच. नंतर तिने बोलायचं की नाही एवढंच तुमच्या हातात. घोगरा आवाज काढून लांब भाषण करायला लावू नका, घसा दोन मिनिटांत बसतो. मुखवट्यात तो कमी बोलतो, बस्स.

जोडीदाराशी नातं तुटतं ते कशामुळे दाखवावं?

भेट चुकवल्यामुळे नको, ते सगळ्यांनी करून झालं. अर्धवट हजेरीमुळे दाखवा. तो डोहाळजेवणाला येतो, वेळेवर येतो, पण पाटावर बसल्या बसल्या डुलकी लागते. वरळी सी फेसच्या कठड्यावर ती पगाराचं, घराचं, भाड्याचं बोलत असते आणि त्याचे डोळे मागून जाणाऱ्या बाइकच्या नंबरावर. ती चिडत नाही, बोलणं थांबवते. आणि कृपा करून तिला संकटात सापडणारी म्हणून लिहू नका. तिच्याही चोवीस तासांचा हिशेब वहीत मांडा, त्यात त्याने किती तास खाल्ले ते तिच्या बाजूने मोजा.

घरी गुपित कधी फुटावं?

नायक सांगतो त्याच्या बरंच आधी. घरातल्या एकाला कथेच्या पहिल्या एक-तृतीयांशातच कळू द्या आणि त्या व्यक्तीला गप्प ठेवा. त्यानंतर तिच्या लहान कृती बदलतात: रात्री ताट झाकून ठेवलेलं असतं, कडी आतून लावलेली नसते, हळदीचा डबा खालच्या फळीवर आलेला असतो. नायकाला हे दिसत नाही, वाचकाला दिसतं.

एकांकिकेसाठी मुखवटा कसा बनवावा?

डोळ्यांभोवतीचा अर्धा मुखवटा घ्या. तोंड मोकळं हवं, नाहीतर शेवटच्या रांगेत शब्द पोचत नाहीत.

आधी नटाच्या चेहऱ्याचा साचा. चार इंची प्लास्टर बँडेजचे दोन रोल पुरतात. भुवया, पापण्या, केसांच्या कडेला व्हॅसलिन जाड थापा. बँडेजचे बोटभर लांब तुकडे कोमट पाण्यात बुडवून तीन थर द्या, नाकपुड्या पूर्ण मोकळ्या. पंधरा-वीस मिनिटांत कडक होतं. नटाने चेहरा वेडावाकडा केला की आपोआप सुटून येतं. या साच्याच्या आतून साबणाचं पाणी लावून प्लास्टर ओता, म्हणजे चेहऱ्याची प्रत मिळते.

त्यावर कातडं चढवायचं. दीड ते दोन मिलिमीटर जाडीचं, रंग न चढवलेलं, वनस्पतिज कमावणीचं (व्हेजिटेबल टॅन) कातडं हवं. धारावीत नगाने मिळतं. क्रोम-कमावणीचं मऊ कातडं घेतलंत तर आकार धरत नाही, ही नेहमीची चूक. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, प्रतीवर दाबत बसवा, नाकाची घडी चमच्याच्या मागच्या बाजूने काढा, कडेला टाचण्या मारा. उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात पंख्याखाली तीन दिवस. हेअर ड्रायरने घाई केली तर कातडं आक्रसतं आणि डोळ्यांची जागा सरकते.

डोळ्यांची भोकं वाळल्यावरच कापा, आणि खालची कड वाटते त्यापेक्षा तीन-चार मिलिमीटर जास्त उतरवा. मुखवट्यात सगळ्यात आधी जातं ते खालचं दिसणं, म्हणूनच नट पायरीवर अडखळतात. तालमीच्या पहिल्या आठवड्यापासून मुखवटा घालूनच जिने चढा-उतरा.

बांधायला एकच इलॅस्टिक घेऊ नका, घामाने सरकतं. कानांच्या वरून एक आणि खालून एक, असे दोन पट्टे. आतून कपाळावर सुती पट्टी चिकटवा, ती प्रत्येक प्रयोगानंतर बदलता आली पाहिजे. डोळ्यांना पांढरी जाळी लावणार असाल तर तिच्यावर प्रकाश समोरून पडू द्या. मागून पडला की नटाला काही दिसत नाही आणि प्रेक्षकांना मात्र त्याचे डोळे दिसतात.

एकाच साच्यावर दोन मुखवटे करून ठेवा. मध्यंतरात पहिला ओला झालेला असतो.